ठोकळ्याची जागा

१

रविवारी दुपारी हडपसरमधली माणसं जेवून आडवी होतात. त्या वेळी भाग्यश्री आणि तिचे बाबा अंधार करायला निघत.

गोदामांच्या रांगेत शेवटचं पत्र्याचं शेड बाबांच्या कंपनीचं होतं. तिथे पोचलं की आधी शटर ओढायचं. मग पत्र्याच्या भोकांवरची काळी टेप कुठे सुटली नाही ना, हे बोटाने चाचपायचं. मग आतल्या खोलीचा दुहेरी काळा पडदा सोडायचा, आणि तो वाऱ्याने हलू नये म्हणून खाली दगड ठेवायचा. एवढं झालं की मे महिन्याच्या भर उन्हात आपला हात आपल्याला दिसेनासा होई.

खोलीत लोखंडी मांडण्या होत्या, मांडण्यांवर पेट्या आणि पेट्यांच्या खाचांमध्ये दगडाचे लांब दांडे. नागपूरच्या पलीकडे, भाग्यश्रीच्या मावशीच्या गावाजवळ, कंपनी टंगस्टन शोधत होती. जमिनीत खोल भोक पाडायचं, त्यातून मनगटाएवढा जाड दगडी दांडा वर काढायचा आणि तो जसा निघाला तसा, वरचा तुकडा आधी, खालचा नंतर, पेटीत मांडायचा. या दांड्याला कोर म्हणतात. कंपनी पुण्याची, म्हणून पेट्या ट्रकने इथे येत. आणि त्या वाचायचं काम भूवैज्ञानिक दत्तप्रसाद, म्हणजे भाग्यश्रीचे बाबा, करत.

वाचणं हा बाबांचाच शब्द. टंगस्टनचा दगड उजेडात सापडत नाही. गारगोटीच्या पांढऱ्या शिरेत तो पांढराच होऊन बसलेला असतो. पण अंधारात त्याच्यावर अतिनील किरणांचा दिवा धरला की तो निळसर पांढरा पेटतो, रात्री बंद स्वयंपाकघरात कुणी फ्रिज उघडावा तसा. बाबा दिवा धरत. भाग्यश्री बुटक्या स्टुलावर त्यांच्या शेजारी बसून पेटलेल्या जागेभोवती पांढऱ्या पेन्सिलीने गोल काढी. दोन मांडण्यांच्या मधे दोनच माणसं मावत. तिसऱ्याला जागा नव्हती.

दिवा लावण्याआधी डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं बसून राहायचं असे. भाग्यश्रीला खरं तर दिव्यापेक्षा हे बसणं आवडे. वर्गात बाईंनी नाव घेतलं तरी ती वहीत मान घाली. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाई. पण त्या अंधारात, बाबा शेजारी असताना, ती बोलायची. शाळेतलं, मैत्रिणींचं, उगाचच काहीही. आणि घरात पेपरामागे असणारे बाबा तिथे ऐकायचे. जगात तिचा आवाज चालायचा अशी ती एकच जागा होती.

२

रुपाली आली ती दहावीची परीक्षा देऊन, दोन महिन्यांसाठी. ती मावशीची मुलगी, भाग्यश्रीहून वर्षाने मोठी. सदाशिव पेठेतल्या एका क्लासला तिचं नाव घातलं होतं.

भाग्यश्रीच्या खोलीत दुमजली पलंग होता. सुताराने तो केला तेव्हा घरात दुसरं बाळ येणार होतं. ते आलं नाही. वरच्या मजल्यावर गोधड्या राहू लागल्या, आणि त्याबद्दल कुणी कधी बोलत नसे. रुपाली आली त्या दिवशी आईने गोधड्या उतरवल्या, चादर घातली, आणि थोडा वेळ कठड्याला धरून उभी राहिली. "बरं दिसतंय गं भरलेलं," ती म्हणाली.

रुपाली वसतिगृहात वाढलेली होती. काही हातात आलं की ती अर्धं करी. पोळी, आंबा, कपाटातला कप्पा, टेबल, पंख्याखालची जागा. तिचं अर्धं करणं इतकं चोख असे की भांडायला जागाच उरत नसे. भाग्यश्रीला त्याचाच राग येई. कुणी जास्त घेतलं तर ओरडता तरी येतं.

पुढच्या रविवारी बाबांनी रुपालीलाही शेडवर नेलं. स्कूटरवर मागे एकच जागा. रुपालीला पुण्यातले रस्ते माहीत नाहीत, भागू काय बसने येईल, असं ठरलं. भाग्यश्री बसने आली. घामाने भिजून शेडपाशी पोचली तेव्हा आतून हसण्याचा आवाज येत होता. बाबांचं हसणं तिने ओळखलं, पण ते तिथे ऐकायची तिला सवय नव्हती.

"भागू, तू जरा पडद्यापाशी थांब," बाबा म्हणाले. "पडद्याची कड उघडी राहते आहे. आज रुपालीला बसू दे."

पडदा दोन्ही हातांनी धरून भाग्यश्री उभी राहिली. अंधारात त्या दोघांचं बोलणं सुरू झालं. रुपाली आपल्या शाळेतलं काहीतरी सांगत होती. बाबा ऐकत होते.

मग दिवा लागला, आणि बाबा म्हणाले, "वा. नजर आहे हं तुला."

भाग्यश्रीला त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. तिला ते हवं होतं, हेही तिला तेव्हाच कळलं.

३

शेडच्या पुढच्या भागात सिराजभाईंची कटर होती. त्यांच्या कामाला तिथे सगळ्यात जास्त आवाज होता आणि त्यांच्या बोलण्याला सगळ्यात कमी. पेटीतल्या कोरवर बाबा आधी लांबीने एक लाल रेघ ओढत. मग सिराजभाई त्या रेघेवरून कोर उभा चिरत. दोन अर्धे. एक लॅबला जाई. दुसरा पुन्हा पेटीत, साक्षीला.

रुपालीने विचारलं, कोणता अर्धा पाठवायचा हे कसं ठरवतात?

"दोन्ही सारखेच असतात," बाबा म्हणाले. "रेघ मधोमध असली की झालं."

"लॅबला जातो त्याचं पीठ करतात," सिराजभाई कटर पुसत म्हणाले, "आणि राहतो तो इथे धूळ खातो. आता सांगा, नशीब कोणाचं बरं?"

रुपाली हसली. भाग्यश्रीला हसू आलं नाही. तिने हा विनोद आधीही ऐकला होता, पण तेव्हा तो तिला सांगितलेला होता.

त्याच दिवशी बाबांनी रुपालीला एक नियम शिकवला. भाग्यश्रीला तो पाठ होता. कधी कधी जमिनीतून काहीच वर येत नाही. दगड फुटून वाहून जातो, नाहीतर खाली पोकळी लागते. तेवढ्या लांबीचा लाकडी ठोकळा कापायचा, त्यावर 'कोर नाही' असं लिहायचं आणि तो पेटीत त्या जागी ठेवायचा. दोन बाजूचे तुकडे सरकवून जागा बुजवायची नाही. तिथे दुसरं काही ठेवायचं तर नाहीच नाही.

"जमिनीने जे दिलं नाही, ते आपण द्यायचं नाही," बाबा म्हणाले. "या कामात याहून मोठी चूक नाही. असं करणाऱ्याला मी पुन्हा पेटीला हात लावू देणार नाही. मग तो कोणी का असेना."

रुपालीच्या वाट्याला आलेल्या मांडणीवरच्या एका पेटीत असा ठोकळा होता. वीतभर लांबीचा. त्या ठिकाणी ड्रिलचा दांडा अचानक खाली गेला होता, आणि भोकात सोडलेलं पाणी परत वर आलं नव्हतं. किती वाट पाहिली तरी आलं नाही, असं बाबांनी सांगितलं. आता ती मांडणी रुपालीने सांभाळायची होती.

भाग्यश्री ऐकत होती. 'मग तो कोणी का असेना' हे शब्द तिने मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले.

४

पडद्याच्या खाली ठेवायचा दगड म्हणजे पुण्याचाच काळा पाषाण होता. कुठल्या तरी पुलाच्या पायासाठी घेतलेल्या भोकातला कोर. नव्या पात्याची धार बघायला सिराजभाईंनी तो मधोमध चिरला होता. एक अर्धा पडद्यावर, दुसरा बाहेरच्या पत्र्याच्या दाराला अडसर म्हणून. त्यात टंगस्टन असण्याचा काही प्रश्नच नव्हता. दख्खनचा काळा दगड तो, बाबा म्हणत, लाव्हा आला, थिजला, संपला.

पुढच्या रविवारी बाबा आणि रुपाली चहाला बाहेर गेले तेव्हा भाग्यश्री मागे राहिली. तिने पडद्यावरचा अर्धा उचलला. जाडीला तो पेटीतल्या चिरलेल्या दगडांएवढाच होता, लांबीला ठोकळ्याएवढा. रुपालीच्या पेटीतला ठोकळा काढून तिने तिथे तो ठेवला. करड्या दगडांमध्ये तो काळा तुकडा किडक्या दातासारखा दिसत होता. आंधळ्यालाही दिसला असता. बाबांना तर दिसणारच. मग बाबा रुपालीकडे बघतील, आणि मग स्टूल मोकळं होईल.

तुकडा खाचेत बसला तेव्हा आवाज झाला नाही. एवढं एकच तिला जरा विचित्र वाटलं. दगड पत्र्याच्या पेटीत ठेवला की ठण्ण होतं. पण तो नीट, हळू ठेवला गेला असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

ठोकळा तिने वही-पेन्सिलीसाठी आणलेल्या दप्तरात टाकला. पडद्यावर एक वीट ठेवली.

५

त्या दुपारी ती पडद्यापाशी उभी राहिली तेव्हा तिला पहिल्यांदाच पडदा धरायला बरं वाटत होतं. रुपाली स्टुलावर होती. बाबा एकेक पेटी ओढत होते. लोखंडावरून पेटी सरकल्याचा खरखर आवाज, मग शांतता, मग दिव्याची बारीक गुणगुण.

ती पेटी आली. भाग्यश्रीने श्वास रोखला.

दिवा पेटीवरून एकदा पुढे गेला आणि परत आला. मग बाबांचा आवाज आला, आणि तो रागावलेला नव्हता.

"हे कुठे होतं?"

"इथेच होतं काका," रुपाली म्हणाली.

भाग्यश्रीने पडदा सोडला नाही, पण मान लांब केली. बाबांच्या खांद्यावरून तिला पेटी दिसली. काळ्या तुकड्याच्या जागी निळसर पांढरी शीर पेटलेली होती. बारीक नव्हे, चांगली बोटभर. ती अलीकडच्या तुकड्यात सुरू होत होती, मधल्या तुकड्यातून तिरकी जात होती, आणि पलीकडच्या तुकड्यात उतरत होती. सलग.

बाबांनी दिवा विझवून बॅटरी लावली. उजेडात त्यांनी सांध्यावरून नख फिरवलं. दगड तुटतो तेव्हा त्याची दोन टोकं फक्त एकमेकांनाच जुळतात, दुसऱ्या कशालाही नाही, हे त्यांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. तुटलेलं टोक खोटं बोलत नाही, असं ते म्हणत.

"केसभरही फट नाही," बाबा म्हणाले. "म्हणजे ठोकळाच चुकून पडला होता. पॅकिंगमध्ये तुकडा दुसरीकडे गेला असणार. रुपाली, तुला सापडला का हा?"

भाग्यश्रीला वाटलं, आता ती नाही म्हणेल.  तिने फक्त मान वळवून पडद्याकडे पाहिलं. दिव्याच्या किरणांपासून डोळे जपायला दिलेला मोठा काळा चष्मा तिच्या डोळ्यांवर होता, त्यामुळे ती नक्की कुणाकडे बघत होती ते सांगता येत नव्हतं.

घरी जाताना बाबांनी जिलबी घेतली. रुपालीने तिचे दोन सारखे भाग केले.

६

भाग्यश्री विचार करणारी मुलगी होती. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. काळ्या दगडातही पांढरे खडे सापडतात, त्यांतले काही दिव्याखाली चमकतात, हे तिला ठाऊक होतं. पण ते नारिंगी नाहीतर गुलाबी. निळसर पांढरा रंग फक्त एकाच दगडाचा. मग कदाचित तिने घाईत दुसराच तुकडा उचलला असेल. कदाचित पडद्यावरचा दगड कधी काळा नव्हताच. आपण रोज पायाखाली बघतो त्या वस्तूचा रंग आपल्याला खरंच आठवतो का?

हे बघायचा एक मार्ग होता. दुसरा अर्धा.

पुढच्या रविवारी पाहिलं तर तो बाहेरच्या दाराला होता तिथेच होता, पावसापाण्याने खरबरीत झालेला. ती खाली बसली आणि त्याची चिरलेली बाजू वर केली.

दगड काळाच होता. पण मधून एक शीर गेली होती. बोटभर, तिरकी. पेटीतल्या तुकड्यात ती डावीकडून उजवीकडे उतरत होती. यात उजवीकडून डावीकडे.

"काय शोधते बेटा?" सिराजभाईंनी विचारलं.

तिने विचारलं, हा दगड तुम्ही चिरलात तेव्हा यात पांढरी शीर होती का? सिराजभाईंनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. म्हणाले, असेल. दारातला दगड कोण बघतं.

मग ती आत गेली आणि बाबांची नजर चुकवून पेटीतला तुकडा काढायला गेली. ठोकळा तिच्या दप्तरात होता. तो परत ठेवून सगळं होतं तसं करायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने तुकड्याच्या टोकाला बोटं लावली. टोक सापडेना. एका बाजूने तिने सांधा शोधला, मग दुसऱ्या बाजूने. बोटांखाली नुसता गुळगुळीत दगड होता, एका लांबीचा, थंड. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधला दगड इतका थंड कसा, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

ठोकळ्याला आता जागाच उरली नव्हती.

तिला बाबांना सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे आपण काय केलं तेही सांगायचं. आणि मग पेटीला पुन्हा कधी हात नाही. ती गप्प राहिली. गप्प राहणं तिला येत होतं.

७

त्यानंतरचे दिवस काही फार वेगळे नव्हते. फक्त आईने लक्ष्मी रोडवरून एकाच कापडाचे दोन ड्रेस शिवून आणले. शिंपी म्हणाला, माप एकच घेतलं तरी चालेल. समोरच्या काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, "अगं, दोघी जुळ्या वाटता की." रुपाली पूर्वी केस मागे ओढून बांधायची. आता आई दोघींचा मधोमध भांग पाडू लागली. एकदा भाग्यश्री वरच्या मजल्यावर झोपून उठली. खाली गरम होतं म्हणून आपणच रात्री पंख्याजवळ वर गेलो असू, असं तिने ठरवलं. खाली रुपाली तिच्या उशीवर झोपली होती, तिच्यासारखीच, एक हात गालाखाली घेऊन.

रुपालीचं बोलणं बदललं होतं. आली तेव्हा तिच्या बोलण्यात नागपूरकडचे हेल होते. आता ती पुण्यातल्यासारखं तुटक बोले. आणि पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाई.

जूनमध्ये निकाल लागला. नागपूरच्या कॉलेजात रुपालीला प्रवेश मिळणार हे नक्की झालं, आणि मावशीचा फोन आला की पोरीला पाठव. रविवारच्या संध्याकाळच्या बसचं तिकीट निघालं.

ते ऐकलं तेव्हा भाग्यश्रीला आनंद लपवायला बाथरूममध्ये जावं लागलं. सगळी शंका, सगळी भीती त्या आनंदापुढे लहान झाली. ती जाणार. अर्ध्याचं पूर्ण होणार.

रविवारी दुपारी बाबा म्हणाले, "आज दिव्याला भागू बसेल. पुष्कळ दिवस झाले."

स्टूल तसंच होतं. बाबांच्या शर्टाला दगडाच्या धुळीचा आणि पावडरीचा वास येत होता. पडदा पडला, अंधार झाला. मागे पडद्यापाशी रुपाली उभी होती. डोळे सरावेपर्यंत बसायचं ते बसणं सुरू झालं. भाग्यश्रीने तोंड उघडलं. दोन महिन्यांचं सगळं साठलेलं होतं. दगडाबद्दलही सांगून टाकावं, इथे सांगता येईल, असं तिला वाटलं.

"रुपाली, पेन्सिल घेतलीस ना?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी भागू आहे."

 पत्र्यावर एक पक्षी चालत गेल्याचा आवाज आला. मग मागून, पडद्यापासून, आवाज आला. बारीक, बिचकत, पण इथे बिनधास्त होणारा. त्या आवाजाला भाग्यश्री आतून ओळखत होती, बाहेरून तिने तो कधी ऐकला नव्हता.

"मी इकडे आहे बाबा. पडदा धरलाय."

"हां," बाबा म्हणाले, आणि दिवा लावला.

दिव्याच्या वेळी बाबा फक्त दगडाकडे बघतात. भाग्यश्रीने मागे वळून पाहिलं.

पडद्याच्या काळ्यावर एक रेघ होती. निळसर पांढरी, दोऱ्याएवढी. ती भांगातून निघून कपाळावरून खाली आली होती, नाकाच्या शेंड्यावरून, ओठांच्या मधून, हनुवटीखाली गळ्यात. रेघेच्या एका बाजूला चेहरा होता. दुसऱ्या बाजूला काय होतं ते पाहायला ती थांबली नाही. तिने नजर खाली घेतली, आणि तिच्या पांढरी पेन्सिल धरलेल्या हाताच्या मागे, मनगटावर, तीच रेघ बाहीतून बाहेर आलेली तिला दिसली.

"इथे काही नाही," बाबा पेटीला म्हणाले, आणि दिवा विझला.

बाहेर उन्हात तिने मनगट घासून पाहिलं. काही नव्हतं. साधं मनगट होतं.

कटरपाशी सिराजभाईंनी विचारलं, "साहेब, आज कोणती जाते आहे?"

बाबा किल्ल्या शोधत होते. "काय फरक पडतो हो," ते हसून म्हणाले. "दोघी सारख्याच गुणी आहेत."

८

आईने तिच्या केसांना तेल लावलं, मधोमध भांग पाडला आणि बॅग तिच्या हातात दिली.

भाग्यश्री म्हणाली, आई, मी नाही, ती जाणार आहे. आईचे डोळे भरले होते. ती म्हणाली, जायची वेळ आली की सगळ्यांना असंच होतं. पलंगाच्या खालच्या मजल्यावर त्याच कापडाचा ड्रेस घातलेली मुलगी पाय दुमडून बसली होती. तिने मान वर केली नाही. "पोचलीस की मेसेज कर," एवढंच म्हणाली.

ही थट्टा आहे, भाग्यश्रीने ठरवलं. बाबा चेहरा न हलवता थट्टा करतात. बस सुटेपर्यंत ताणतील आणि मग हसतील. आपण रडलो तर वर्षभर चिडवतील. ती रडली नाही. बसच्या दाराशी तिने फक्त एकदाच, हळू आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही मला ओळखलंत ना?"

"आईला माझा नमस्कार सांग," बाबा म्हणाले, आणि बॅग वर ठेवून उतरले. परक्याच्या मुलीला निरोप देताना असतो तसा त्यांचा हात तिच्या डोक्यावर हलका होता.

खिडकीतून तिला स्कूटर दिसली. बाबा बसले, मागची मुलगी बसली. तिने डावा हात बाबांच्या खांद्यावर ठेवला आणि उजवा मांडीवर, भाग्यश्री ठेवायची तसा. स्कूटर वळली. मागच्या मुलीने काहीतरी सांगितलं असावं, कारण ऐकायला म्हणून बाबांनी मान थोडी मागे केली.

बस हलली. कुणी हसलं नाही.

बॅगेत डबा होता, पुस्तकं होती, आणि आईने दप्तरातून काढून नीट पेपरात गुंडाळलेली एक वस्तू होती. तिने पेपर सोडला. वीतभर लाकूड, त्यावर बाबांच्या अक्षरात दोन शब्द. तिने ते पुन्हा गुंडाळून ठेवलं.

मग बॅगेतला फोन वाजला. फोन रुपालीचा होता, आणि व्हिडिओ कॉल. पडद्यावर मावशीचा चेहरा आला, कॅमेऱ्याच्या फार जवळ, कपाळ आणि डोळेच तेवढे.

भाग्यश्री सीटवर ताठ बसली. मावशी. मावशीने तिला लहानपणी न्हाऊ घातलं होतं. आणि रुपालीला तर तिने जन्म दिला होता. जगात कुणी फसणार नाही असं माणूस असेल तर हेच. तिने खिडकीचा पडदा सारला, ऊन तोंडावर घेतलं, केस मागे केले आणि फोन समोर स्थिर धरला, म्हणजे मावशीला सगळा चेहरा नीट दिसेल.

मावशीने पाहिलं. तिचे डोळे कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश फिरले. असं निरखून, दुसरं सगळं बाजूला ठेवून, भाग्यश्रीकडे फार दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं. कदाचित कधीच नव्हतं पाहिलं. त्या नजरेत कुणाचा वाटा नव्हता.

"काहून गं, चूप काहून आहेस?" मावशी म्हणाली. "सुकून गेली बाप्पा माझी पोरगी. डब्बा खाऊन घेजो. घेशील ना?"

आता सांगायचं होतं. मी नाही, मावशी, मी भागू. भाग्यश्रीने तोंड उघडलं, आणि दोन महिने जिने भाग्यश्रीच्या घरचं प्रेम अर्धं वाटून घेतलं होतं त्या मुलीचं हे स्वतःच्या घरचं, न वाटलेलं, सबंध प्रेम तिच्यासमोर धरलेलं होतं.

"हो आई," ती म्हणाली.

तुटलेल्या टोकाला टोक लागावं तसा तो शब्द बसला. आवाज झाला नाही. जिभेने चाचपून पाहिलं तरी मधे केसभरही फट नव्हती.